एका ‘जपून’चं भांडण

नाही साहेब, हे मला मान्य नाही. दवाखान्यात मान्य नव्हतं, नंतर फोनवर मान्य नव्हतं, आणि आता तुमच्या गौरवग्रंथात लिहायला मिळालं म्हणून मी नमतं घेईन असंही नाही. चूक तुमची नव्हती. ‘जपून’ हा शब्द तुमच्या तोंडून गेला, एवढंच झालं. आमच्या घरात येऊन त्या शब्दाचं काय झालं, त्याला तुम्ही काय करणार?

वाचणाऱ्यांना हे भांडण कशाचं ते कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. डॉ. माधवराव हाळीकर साहेब यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. लातूरला त्यांचा दातांचा दवाखाना आहे, आणि बाजाराच्या दिवशी ते मुरुडला एका भाड्याच्या खोलीत बसतात. या ग्रंथात मोठमोठे डॉक्टर आणि प्राध्यापक लिहिणार आहेत. मी दत्ता. मुरुडजवळच्या एका खेड्यातला. शिक्षण नववी, तीही पुरी नाही. एका जागी टिकणारा माणूस नाही मी. पुण्याची कंपनी झाली, सुरतेला साड्यांची पार्सलं बांधून झाली, आता कच्छमध्ये पवनचक्क्या उभ्या करायच्या कामावर बोल्ट आवळतो. साहेबांच्या कन्या शुभदाताई हा ग्रंथ काढत आहेत. त्यांचा फोन आला, “दत्ता, तुम्ही बाबांशी भांडता ना, तसंच लिहा. हार घालणारे पुष्कळ आहेत.”

साहेबांची आणि माझी पहिली ओळख मुरुडच्या त्या खोलीत झाली. दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीवर आलो होतो. घरी आई एकटी असते. तिचे वरचे दात सगळे हलत होते, खालचे निम्मे आधीच गेले होते. जन्मभर मिश्री लावलेली. साहेबांनी एकेक दात बोटानं हलवून बघितला आणि म्हणाले, “मावशी, इतके दिवस काय करून राहिल्या?”

आई हसली. साहेब मूळचे हिमायतनगरचे, त्यांच्याकडं ‘करून राहिल्या’ म्हणतात. आमच्याकडं ‘करायलाव’ म्हणतात.

“दुखतच नव्हतं की सायेब. दुखलं असतं तर आले असते.”

“न दुखणारेच जातात, मावशी. थोडं आधी आला असता तर यातले चार दात राहिले असते. त्यांच्यावर टोप्या घालून मधल्या मोकळ्या जागेवर पूल बांधून दिला असता.”

“पूल? माझ्या तोंडात काय नदी हाय?”

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पण हसू ओसरल्यावर परत एकदा ते चार दात हलवून बघितले. राहतील का, एवढंच बघत होते. नाही राहिले, सगळेच दात काढावे लागले. ते काढताना साहेबांचा चेहरा आईपेक्षा जास्त पडला होता. मी म्हणालो, “साहेब, काढायचं तर तुमचं रोजचं काम आहे.” ते म्हणाले, “काढणं हे काम नाही रे. काम हातातून गेलं की मग काढावं लागतं.”

हिरड्या भरून आल्यावर कवळीचं माप घेतलं. साचा एसटीनं नांदेडला जायचा, तिथं दात मेणावर लावून परत यायचे. ते घालून बघायच्या दिवशी साहेबांची एक रीत आहे. दुसरे डॉक्टर आकडे म्हणायला लावतात. साहेब विचारतात, “घरात सगळ्यात जास्त कुणाला हाक मारता? त्याला मारा.” मी कारण विचारलं तर म्हणाले, “आकडे माणूस सांभाळून म्हणतो. हाक खरी मारतो.”

दात गेल्यापासून आईच्या तोंडून माझं नाव धड यायचंच नाही. ‘द’ काय, ‘त’ काय, म्हणायला जीभ दाताला लागावी लागते, हे मला तेव्हा कळलं. आईनं मेणावरचे दात घातले, पदर सारखा केला आणि शेतातून बोलवावं तशी हाक मारली, “दत्ताऽऽ!” बाहेरच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ उठून आत आले. “आलो आलो. माझा नंबर लागला व्हय?” त्यांचंही नाव दत्ताच होतं.

सगळे हसत होते. साहेब मात्र आईच्या तोंडाकडं बघत होते. “मावशी, तुमच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती कुठं गेली?”

“जाऊ द्या की सायेब. आयतीच देखणी झाले.”

“देखण्या झालात हो. पण हे दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड आहे.” साहेबांनी मेण परत नांदेडला पाठवलं. त्यासाठी आम्हाला आणखी एक खेप पडली आणि मी कुरकुरलो. दात आले ते फटीसकट, थोडे पिवळसर. ते घालून आई हसली आणि मला लहानपणीची आई दिसली. साहेबांचा मोठेपणा सांगायला मला एवढा एकच प्रसंग पुरला असता. पण भांडण याच्या पुढचं आहे.

कवळी हातात देताना साहेब म्हणाले, “मावशी, जपून वापरा बरं का.” मी शेजारीच उभा होतो. त्याच आठवड्यात कच्छला निघून आलो.

तिकडून फोन केला की आई पहिल्यांदा उचलायचीच नाही. थोड्या वेळानं तिचाच फोन यायचा, “दत्ता, बोल रं.” द असा खणखणीत, की मी फोन मोठ्या आवाजावर टाकून कामावरच्या पोरांना ऐकवायचो. अशी चारेक वर्षं गेली, घरी जाणं काही जमलं नाही. मग हळूहळू तिचं बोलणं सैल पडायला लागलं. शब्द अडकायचे, मधेच टक् असा आवाज यायचा. मला वाटलं, अंगावरून वारं गेलं. शेजाऱ्यांना विचारलं तर म्हणायचे, चांगली हिंडतीय की. माझा विश्वास बसेना. दिवाळीला मुकादमाशी भांडून निघालो.

घरी आलो तर आई भाकरी दुधात कुस्करून बसली होती. तोंडात एकही दात नव्हता.

“कवळी कुठंय?”

तिनं ट्रंक उघडली. जरीच्या लुगड्याखाली स्टीलची डबी, डबीत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली कवळी. कोरडी ठाक. “लग्नाकार्याला घालते. आन् तुजा फोन आला की.”

फोन पहिल्यांदा का उचलत नव्हती, ते तेव्हा कळलं. ती ट्रंकेपर्यंत जात होती.

दुसऱ्या दिवशी मुरुडला नेलं. साहेबांनी कवळी हातात घेऊन उजेडात फिरवली. नवीकोरी. “मावशी, रोज घालता ना?”

“न्हाई की. तुमीच म्हणलाव, जपून वापरा. बगा, एक ओरखडा न्हाई पडू दिला.” आईचा चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा.

साहेब स्टूल ओढून तिच्या पुढ्यात बसले. म्हणाले, “मावशी, चूक माझी झाली. मी नुसतं ‘वापरा’ म्हणायला पाहिजे होतं.”

आमच्या घरात जपणं म्हणजे न वापरणं. नवी सतरंजी पाहुण्यांना, चांगले कप पाहुण्यांना, जरीचं लुगडं ट्रंकेत. हे साहेबांना कुठून माहीत असणार? मी तिथंच म्हणालो, “साहेब, तुमची काय चूक? ही अशीच आहे. नव्या चपला हातात घेऊन चालणारी बाई.”

आईनं मला गप्प केलं, “तू बोलू नगंस. चपला टिकल्या का न्हाई?”

साहेबांनी मग समजावून सांगितलं. दात गेले की खालचं हाड झिजत जातं, हिरडी बसते. त्यात कोरडी ठेवलेली कवळी आपला आकार सोडते. रोज घातली असती आणि वरचेवर दाखवायला आणली असती, तर आतून भर घालून सांभाळता आली असती. आता मात्र खालच्या बाजूला तिला धरायला उंचवटाच उरला नव्हता.

मी म्हणालो, हाडात स्क्रू बसवून दात पक्के करतात म्हणे, ते करू. साहेबांनी जबड्याचा फोटो काढला, लाइटवर धरून मला दाखवला. “तू पवनचक्क्या उभ्या करतोस ना? पाया वीतभर असेल तर टॉवर उभा करशील?” आईची साखर, तिचं वय, ते पातळ हाड. मोठ्या शहरात हाड भरून करतात, हेही त्यांनी लपवलं नाही. “पण माझी आई असती तर मी केलं नसतं,” म्हणाले. नवी कवळी करायची ठरली.

भांडण खरं लागलं ते तेव्हा. मी म्हणालो, “साहेब, तुम्हीच सांगताय की घातली असती तरी हाड झिजलंच असतं. मग शब्दाचा दोष कुठं राहिला?”

साहेब म्हणाले, “हाड झिजलंच असतं, दत्ता. पण एवढी वर्षं तिनं भाकरी तरी खाल्ली असती.”

तरीही मी भांडतो, कारण साहेब ते मनाला लावून बसले आहेत. नवी कवळी देताना त्यांनी आईला दवाखान्यातच केळं खायला लावलं आणि बजावलं, “पुढच्या बाजारी ओरखडा दाखवायला यायचं. नवीकोरी दिसली तर मी रागावणार. रात्री काढून पाण्यात, फडक्यात नाही.” आता ते प्रत्येकालाच असं सांगतात. घासलेली कवळी बघून साहेब खूष होतात, हे मुरुडच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक झालंय. ‘जपून’ हा शब्द त्या खोलीत परत कुणी ऐकला नाही म्हणतात. मोटारसायकलवरून जाणाऱ्या पेशंटलासुद्धा साहेब “हळू जा” म्हणतात.

आई आता रोज कवळी घालते. वरची चांगली बसते. खालची बोलताना जिभेनं धरून ठेवावी लागते. भाकरीचा पापुद्रा चावता येतो, कडा चावता येत नाहीत. माझं नाव येतं. हुरडा मात्र येत नाही. साहेबांनी तेही आधीच सांगितलं होतं, “मावशी, खोटं बोलत नाही. हुरडा खाता येणार नाही.” आई म्हणाली, “मग वास घेईन.” हुरड्याचे दिवस आले की साहेबांचा मला फोन येतो. आईची चौकशी करतात, साखरेचं विचारतात, आणि ठेवताना म्हणतात, “ते चार दात थोडे आधी मिळाले असते तर रे. आणि तो शब्द माझ्या तोंडून गेला नसता तर.” मी म्हणतो, साहेब, सोडा आता. ते सोडत नाहीत. दुसऱ्याच्या तोंडातला घास आपल्यामुळं हुकला, हे इतकी वर्षं उराशी धरणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आम्ही टॉवरचा एखादा बोल्ट ढिला राहिला तरी रात्री झोपतो.

आता साहेबांचा हात थोडा कापतो. मुरुडची खोली या उन्हाळ्यात बंद करणार असं ऐकलं. लातूरच्या सत्काराला मला यायला मिळत नाही, वाऱ्याचे दिवस सुरू व्हायच्या आत इथले टॉवर उभे राहिले पाहिजेत. आई येणार आहे, पहिल्या ओळीत बसवा. साहेबांचं नाव घेऊन ती हाक मारणार आहे, तिला अडवू नका.

साहेब, सगळे तुम्हाला शंभर वर्षं मागतील, मीही मागतो. पण माझं मागणं थोडं जास्त आहे. तुमचे स्वतःचे दात तुमच्या सोबत शेवटपर्यंत राहोत, हात थांबला तरी पाय चालोत, आणि दर हिवाळ्यात आमच्या शेतात बसून तुम्ही हुरडा खावा. आई समोर बसून बघेल. तिनं तसं कबूल केलंय.

शुभदाताई, साहेबांच्या नावानं निधी जमवून तो बँकेत ठेव म्हणून ठेवणार, असं कळलं. माझे पैसे त्यात घालू नका. मुरुडच्या बाजारातल्या पहिल्या म्हातारीच्या कवळीला ते लावा. जपून ठेवायचे नाहीत, वापरायचे आहेत. पाठवतोय पाच हजार एक रुपये.