हिंगाची डबी

सेलूच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कापूस वाहिला, पण किशनरावांची खरी ओळख त्यांच्या गळ्याची. गायन पार्टीचे ते मुख्य गायक. पालमपासून चारठाण्यापर्यंत कुठंही त्यांचा पहिला आलाप उठला की मंडपातली रडकी लेकरं गप्प व्हायची. मागं ढोलकीवर चंद्रभान. आता पार्टी मोडली. उरले ते दोघं आणि रोजचा चारचा चहा.

या उन्हाळ्यात एका सकाळी किशनराव उठले, तर घशात बाभळीचा काटा मोडल्यासारखं झालेलं. अंग मोडून आलेलं, कणकण होती. त्यांनी फळीवरची हिंगाची डबी काढून नाकाला लावली. वास आला. हायसं वाटलं.

ही परीक्षा त्यांची स्वतःची. दुसऱ्या लाटेत बायको सरजाबाई वरणाला फोडणी देताना कुरकुरली होती, "हे हिंग हाय का खडू? फसवलं त्या दुकानदारानं." हिंगात खोट नव्हती. नवव्या दिवशी ऑक्सिजनच्या खाटेवरच तिनं जीव सोडला. तेव्हापासून किशनरावांच्या लेखी करोना म्हणजे वास जाणं. वास येतोय ना, मग साधं पडसं-खोकला.

म्हणून पुढचे दोन दिवस त्यांनी चंद्रभानला समोर बसवून चहा पाजला. तिसऱ्या दिवशी आवाजच गेला, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी नाकात काडी फिरवली आणि पंधरा मिनिटांनी पट्टी दाखवली. दोन रेघा.

"पण वास येतोय की," किशनराव कुजबुजले.

"आताच्या प्रकारात बहुतेकांचा वास जात नाही, काका. घसाच धरतो. तुमचा ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, छाती मोकळी आहे. सौम्य आहे हा. पाच दिवस वेगळे राहा. दम लागला तर मात्र लगेच या."

"आन् माझ्यापासून दुसऱ्याला झाला तर?"

"त्या माणसाची छाती कशी आहे, त्यावर."

चंद्रभानची छाती जिनिंगच्या धुळीनं कधीच खाल्ली होती. उंबरा चढतानाही तो दोनदा थांबायचा.

मागच्या करोनात गल्लीला पत्रे ठोकले होते. भीतीनं का होईना, माणसं किशनरावांच्या दाराकडं बघत तरी होती. या खेपेला कुणाला घाबरायलाही सवड नव्हती. शेजारची राजेश्री ओट्यावर ताट ठेवून म्हणाली, "मामा, आता त्या करोनाला कोण विचारायलंय!" आणि कामाला निघून गेली. घरात बोलायला कुणी नाही, आणि बोलायला आवाजही नाही.

चारला ओट्यावर चंद्रभानची काठी वाजली. किशनरावांनी कडी घातली आणि तोंडाला रुमाल लावून खिडकीपासून लांब उभे राहिले.

"किशन्या, दार लावून काय करायलास? चहा आटला का?"

किशनरावांनी घसा दाखवला, हातानं 'जा' म्हणून खुणावलं.

"करोना? अरं, तो बी म्हातारा झालाय आता, आपल्यावाणी. उघड!" चंद्रभान हसला, खोकला आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून ओट्यावरच बसला. चिठ्ठी लिहावी तर तो शाळेत गेलेला नव्हता.

पार्टीत एक खूण होती. गायकानं ढोलकीवाल्याकडं पाठ केली, की अर्थ एकच: तुझा ताल गेला, ऊठ. चाळीस वर्षांत किशनरावांनी ती खूण चंद्रभानला कधी केली नव्हती. आज त्यांनी मित्राच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि पाठ फिरवली.

मागचं हसू तुटलं. "अस्सं," एवढंच ऐकू आलं. काठी वाजत गल्लीच्या टोकाला गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत किशनराव भिंतीकडं तोंड करून उभे होते.

आठवडा सरला. ताप उतरला, आवाज मात्र परतला नव्हता. चंद्रभानही फिरकला नाही. राजेश्री ताट घेऊन आली.

"मामा, मी समजावून सांगितलं त्यान्ला, दुखण्यामुळं केलं म्हणून. तर म्हणले, दुखणं असलं म्हणून पाठ दाखवायची का? लय शिव्या घालायलेत तुमाला."

किशनरावांचा हात ताटावर थबकला. "मधी थांबून थांबून, का एका दमात?"

"एका दमात! अर्धी गल्ली ऐकायली."

"घालू दे," ते कुजबुजले. "अजून लय दिवस घालू दे."