गिरिजा मॅडमचे दोन हौद

गिरिजा मॅडमनी आयुष्यात कधी मासा चाखला नाही, पण मासा आजारी दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. परळीच्या किराणा दुकानदाराची ही लेक, घर लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, घरात अंडंही वर्ज्य. नव्वदीच्या दशकात त्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आल्या आणि मागच्या अंगणात त्यांनी दोन हौद बांधून घेतले. "आईचं घर अन् माझी लॅब, दोन्हीकडं हात धुतल्याबिगर पाऊल न्हाई टाकायचं," असं त्या हसत सांगायच्या.

मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. तळ्यात मासे पाळणाऱ्या किसनमामांचा अख्खा माल एका साली विषाणूच्या रोगाने पोट वर करून तरंगला, तेव्हापासून मॅडमनी लशीचा ध्यास घेतला. सुट्ट्या हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत घालवून त्यांनी त्या विषाणूच्या कवचातलं एक प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतलं आणि थर्मासात बर्फ घालून रेल्वेने परळीला आणलं. नुसत्या कवचाने रोग कसा थांबणार, हे मला काही उमगेना.

"कुत्र्याला चोराचं पागोटं हुंगवायचं," त्या म्हणाल्या. "चोर कशाला घरात आणायचा?"

एका हौदातल्या माशांना लस टोचायची, दुसऱ्यातल्यांना मिठाचं पाणी, आणि मग दोन्हींत रोगट मासे सोडायचे. फरक दिसला तर कामाला पुढे पैसे मिळणार, नाहीतर काम बंद. टोचायचं काम माझ्याकडे होतं. मॅडम परीक्षा घ्यायला अंबाजोगाईला गेल्या होत्या, तेव्हा किसनमामा हौदाशी येऊन उभे राहिले.

"एका लेकराला लस अन् दुसऱ्याला मीठपाणी? ही कुठली रीत रं?"

माझंही मन पाघळलं. लस उरलेली होती. दोघांनी मिळून दुसराही हौद टोचून काढला आणि पुण्य पदरी पडल्यासारखे चहा प्यायला गेलो.

पुढे रोगट मासे सोडले, तरी दोन्ही हौदांतला आमचा एकही मासा मेला नाही. प्राचार्यांनी पेढे मागवले. मॅडम मात्र दोन दिवस हौदाशी बसून नोंदी तपासत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यानं मासे वाचत न्हाईत, माणिकराव. काय झालतं?"

मी सगळं सांगून टाकलं.

त्या खुर्चीत बसल्या. "रोग लागलाच न्हाई का लशीनं अडवला, आता कशावरून सांगू?"

"दुसऱ्या हौदातले काही मेले असं लिहा," प्राचार्य म्हणाले, "कोण बघायला येतंय?" मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला टाइपरायटरवर बसवून अहवाल सांगितला. 'लशीचा गुण सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या हौदालाही लस दिली गेली. जबाबदारी माझी.' माझी बोटं थांबली.

"मॅडम, चूक माझी हाय. माझं नाव घाला."

"सुई धरायला मी शिकवलं तुमाला. एका हौदाला का टोचायची न्हाई, ते शिकवायचं माझ्याकडून राहिलं. करा टाइप."

काम बंद पडलं. उन्हाळ्यात मॅडम हैदराबादला, दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला निघाल्या. स्टेशनवर किसनमामा वाकून त्यांच्या पाया पडले. मी नाही पडलो. तेवढं तोंडच उरलं नव्हतं मला.