जुन्या लॅपटॉपला हलकं लिनक्स

मिक्सरसाठी मी ओट्याजवळचा प्लग काढला आणि आमच्या ह्यांच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

"आई! बॅटरी गेलीये त्याची! लिनक्स अर्धवट चढलंय, आतले जुने फोटो त्यात सरकवत होते मी!" सून ओरडली.

"मग ओट्यावर कशाला मांडलंस? फोटो दुसरीकडे उतरवून घेतलेस का?"

"राहिलं."

तीन दिवस ती विंडोजच्या जागी कुठलं लिनक्स घालायचं ते निवडत होती. एक देखणं पण जड, दुसरं हलकं पण किचकट. शेवटी नवशिक्याला जमेल असं हलकं सापडलं. त्यावर हा लॅपटॉप घरातल्या सगळ्यांचे फोटो सांभाळणार होता.

ती पुन्हा पहिल्यापासून चढवायला बसली. मी ओटा पुसला, परत पुसला. म्हाताऱ्यांना सगळे हलकंच देतात, मऊ भात, पातळ चादर. आत आधीचं काय भरलंय ते कोणी विचारत नाही. मीही न विचारताच प्लग ओढला होता.

दुपारी लॅपटॉप सुरू झाला. ह्यांचा एकही फोटो उरला नव्हता. सून रडायला लागली. ती लग्न होऊन आली तेव्हा हे गेलेले होते, तिने त्यांना फोटोतच पाहिलं होतं. मी चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले आहे.