पाठीला पाठ लावून बसणारी पोरं

परवा रविवारी भर दुपारी भांडुपला आमच्या दाराची बेल वाजली... मी तवा तसाच गॅसवर टाकून दाराकडे धावले. धावले म्हणजे काय, गुडघे नेतील तशी गेले.

पण आधी मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. (आणि मी चौथी शिकलेली, फोनला बोलून लिहायला लावते. काही चुकलं तर फोनला बोला.)

माझा नातू निखिल. कामाधंद्याला लागलेला, गुणी पोरगा... पण बोलताना अडखळतो. शाळेत पोरांनी इतकं चिडवलं की त्याने बोलणंच टाकलं. घरात आपलं "हो", "नको", "जेवलो". संपलं.

आणि हाच पोरगा कानाला हेडफोन लावून गेम खेळायला बसला की काय सांगू... तू डावीकडून ये, तू थांब, मी पुढे जातो. अशा धडाधड ऑर्डरी, एकदा म्हणून अडखळायचा नाही. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. भाजी करपली तरी हलायचे नाही.

त्यांचं गिल्ड होतं, म्हणजे गेममधली टोळी. मला ते आमच्या गावच्या भजनी मंडळासारखं वाटायचं... एक बुवा आणि मागे झांजा वाजवणारे. आमचा निखिल बुवा. त्याला सगळे सरदार म्हणायचे.

त्यांच्यात एक नियम होता. खरं नाव विचारायचं नाही आणि फोन नंबर मागायचा नाही. टोळीत चिमणी नावाची एक मुलगी होती, तिला आधीच्या टोळीतल्या कुणीतरी नंबर मिळवून फार छळलं होतं... म्हणून निखिलनेच तो नियम केला. मला कोण कौतुक वाटलं होतं त्याचं.

मग एकदा भेटायचं ठरलं तर मीच म्हटलं, हॉटेलात कशाला, घरी आण. आली की चौघं. चिमणी, खडूस, डॉक्टर आणि टकल्या. डॉक्टर कुठल्याशा दुकानात कामाला आणि टकल्याच्या डोक्यावर हे एवढं जंगल.

पण बसली ती मुक्यासारखी. गेममध्ये रोज ओरडणारी पोरं, तोंडं समोर आल्यावर लाजली. निखिलच्या तर घशातून शब्द निघेना... मला वाटलं, झालं, वाट लागली.

तेव्हा ती चिमणी उठली, निखिलकडे पाठ करून बसली आणि बाकीच्यांनाही तसंच बसवलं. पाठीला पाठ लावून गोल. तोंडं दिसेनाशी झाली आणि पाच मिनिटांत घर डोक्यावर घेतलं पोरांनी... मी गरम घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ त्या गोलाभोवती फिरून वाढली. हसू आवरेना मला.

मग तशीच येत राहिली. सरदार गेममध्ये निरोप टाकायचा, आणि रविवारी मी रात्री भिजवलेले तांदूळ वाटायला घ्यायचे.

आणि मग कंपनीने गेमच बंद करायचा ठरवला. शेवटच्या संध्याकाळी नियम मोडायचा, नंबर द्यायचे, असं पोरांचं ठरलं होतं. पण गेम परदेशातला... तिकडे आपल्या आधी संध्याकाळ होते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. निखिल दिवेलागणीला हेडफोन लावून बसला तर पडदा काळा.

तसाच बसून राहिला... जेवायला सुद्धा उठला नाही.

आमच्या ह्यांची गिरणी बंद झाली तेव्हा असंच झालं होतं. गेटवर रोज भेटणारी माणसं, भोंगा थांबला आणि कुठे गेली कळलंच नाही. हे शेवटपर्यंत एकेकाचं नाव काढायचे. मला वाटलं, आता हे पोरगं पण तसंच...

मी निखिलला म्हटलं, अरे, दार तर इथेच आहे ना, येतील. तर तो कसाबसा बोलला, "ब... बोलावल्याशिवाय कोण येतं, आजी."

तरी मी दर शनिवारी रात्री तांदूळ भिजवायचे. पीठ आंबायचं, टाकून द्यायचे... आणि घरात पुन्हा "हो", "नको", "जेवलो". नंतर नंतर तेही मानेनेच.

तर परवा बेल वाजली. दारात चिमणी. कांदिवलीहून आलेली, वाळली होती पोर. म्हणाली, याआधीही गेटपर्यंत आले होते आजी, पण बोलावलं नव्हतं ना कुणी, म्हणून परत गेले.

निखिल खोलीतून बाहेर आला. तिला बघून तोंड उघडलं, शब्द अडकला... अडकला तो अडकलाच. मान खाली घालून परत आत निघाला.

तिने पिशवी ठेवली, त्याच्याकडे पाठ केली आणि लादीवर बसली.

"सरदार, मागची बाजू मी बघते."

तो थांबला. मग हळूच येऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसला.

"बाकीचे कसे सापडतील गं?" एकदाही अडखळला नाही.

"नाही सापडणार बहुतेक," ती म्हणाली.

माझा तव्यावरचा घावणा करपून कोळसा झाला होता. म्हटलं होऊ दे.

नियम म्हणून मी तिला नाव विचारलं नाही. जाताना तिनेच सांगितलं... ते मी इथे लिहिणार नाही. बाय माझी, तुझे उपकार कसे फेडू?

बाकीची तीन पोरं या मुंबईत कुठे हरवलीत देव जाणे. रस्त्यात समोरून आली तर निखिलला ओळखू येतील की नाही... त्याची त्यांची ओळख ती पाठीला पाठ लावूनच.