आंघोळ झाली की झोपणारी लेक

पहिल्या बाळंतपणाला मी अमरावतीहून अकोल्याला, माहेरी आले होते. लेक झाली, आणि पाचवी उलटते न उलटते तोच घरात एक वाक्य फिरू लागलं: हिला दूध नाही. ते माझ्या मायनं काढलं होतं आणि मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. दूध नाही, तर मग चोळी कशानं भिजत होती? छाती दगडासारखी होऊन का ठणकत होती?

पण लेक ओढायची नाही, हेही खरं. चीक वाईट म्हणून मायनं तो पिळून टाकायला लावला होता आणि तोवर लेकीला मधाचं बोट चाटवलं होतं. तेव्हा सगळ्याच घरी तसं करत. नंतर पदराखाली घेतली, की ती जरासं तोंड लावायची आणि डोळे मिटायची. स्वतःच्या लेकरानं आपल्याला नको म्हणावं, यासारखा अपमान नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडायची.

मायनं गुन्हेगार शोधून ठेवला होता. शेजारच्या काकू पाचवीला येऊन "पान्हा चांगला हाय वो पोरीले" म्हणून गेल्या होत्या. "तिचीच दिठ लागली," म्हणत माय रोज दिवेलागणीला मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर. मला ठसका यायचा, पण तो ती धरायचीच नाही.

माझा संशय काकूंवर नव्हता, न्हाणीवर होता. तेल-पाणी करायला माय लेकीला आत न्यायची, दार लोटून घ्यायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. आंघोळ आणि ओव्याची धुरी झाली की कुठलंही लेकरू झोपतं, म्हणून कोणाला काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. एका सकाळी लेकीच्या मानेच्या वळीत काही पांढरं वाळलेलं दिसलं, वर कापसाचा धागा चिकटलेला. हुंगून पाहिलं, तर शेळीचा वास. मी काही बोळ्यानं दूध पीत नव्हते, पण माझी लेक नक्की पीत होती.

दुपारी माय दळण घेऊन गिरणीत गेली आणि काकू डोकावल्या. "काहून वो पोरी, आमच्या बकरीचं दूध सोसते ना लेकराले? तुही माय रोज नेऊन राहिली."

म्हणजे सकाळी त्यांचं दूध आणि संध्याकाळी त्यांचीच दृष्ट! मला हसू आलं आणि संतापही. काकूंनी माझी छाती चाचपून पाहिली. "हे तं भरेल हाय. पोट भरलेलं लेकरू कायले ओढीन? उद्या आंघोळीच्या आधी घे."

दुसऱ्या दिवशी माय न्यायला आली, तर मी लेक सोडलीच नाही. "आधी मी पाजतो. तू इथंच बस."

"दूध नाही तुले."

"तुले कसं मालूम? तू बकरीचं पाजून राहिली."

ती कानावर हात ठेवील असं मला वाटलं होतं. ती बाजेच्या कडेला बसली. "तुह्या आधी एक पोरगी झाली होती मले. अशीच माह्या छातीले लागे. मी म्हणो, पिऊन राहिली. ती रिकामीच ओढत होती, अन् ती जाईपर्यंत कोणालेच समजलं नाही. तू माहीच लेक. तुह्यात तरी कुठून येईन?"

माझ्या आधी कोणी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. राग गेला नाही, पण तो आता कोणावर काढावा ते सुचेना.

लेक भुकेनं लालबुंद होऊन किंचाळत होती. माय दोनदा उठायला गेली, मी दोनदा तिचा पदर धरून बसवलं. शेवटी लेकीनं तोंड लावलं आणि ओढू लागली. मायचा तरी भरवसा बसेना. ती वाकली आणि तिनं आपला कान लेकीच्या गळ्याशी नेला. ती बराच वेळ तशीच वाकून होती.

"येते का ऐकू?" मी विचारलं.

"घोट उतरून राहिले," माय म्हणाली. "माह्या त्या पोरीच्या गळ्यात असा आवाजच नव्हता."