होजची नाडी

मला खडखड सहन होत नाही. आजही घरात एखादं झाकण थरथरलं की मी त्यावर काहीतरी ठेवायला उठतो आणि अर्ध्यातून परत येऊन बसतो. माझ्या या स्वभावापायी एका माणसाचा हात गेला.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडे पाझर तलावाच्या कामावर एक बुलडोझर होता. मी त्याचा मेकॅनिक. नगरहून आलेला, पंचविशीतला, डावखुरा आणि अतिशहाणा. बुलडोझर चालवणारे तिथलेच, पन्नाशीचे. त्यांना मी काका म्हणायचो. पुढचं पातं तेलाच्या दाबानं वरखाली व्हायचं. पंपापासून लोखंडी पाइप आणि शेवटी दोन हात लांब रबरी नळी, तिला आम्ही होज म्हणायचो.

पंप तेल सलग ढकलत नाही, धक्क्याधक्क्यानं ढकलतो. लोखंड तो धक्का जसाच्या तसा पुढे देतं. रबर केसभर फुगतं, थोडा धक्का गिळतं आणि थरथरतं. काका रोज सकाळी इंजिन सुरू करून ती होज उजव्या मुठीत धरायचे, डोळे मिटायचे. "नाडी बघतो," म्हणायचे. "आज जड लागती. तेलात हवा घुसली आसंल."

"वैद्यबुवा, जीभ पण बघा की!" मी म्हणायचो. पण टाकी उघडली की तेलावर खरंच फेस असायचा. मला त्याचाच राग यायचा.

होज बुलडोझरच्या लोखंडी चौकटीवर दिवसभर आपटायची. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. एके दुपारी काका भाकरी खायला गेले असताना मी सुतळी घेतली आणि होज चौकटीला दोन जागी करकचून बांधून टाकली. आवाज बंद! इतकं बरं वाटलं की काय सांगू.

काका आले, गाठीवरून बोट फिरवलं. "हिला बांधली कुनी? हिला हलू द्यावं लागतं."

"साहेबांनी सांगितलंय," मी ठोकून दिलं. काका बुलडोझरवर चढून कामाला लागले.

बांधलेली होज आता चौकटीच्या धारेवर एकाच जागी घासत राहिली. आठेक दिवसांत वरचं रबर गेलं, आतल्या तारा गेल्या, सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. सकाळी काकांनी नेहमीसारखी मूठ आवळली आणि झटकन सोडली. तळव्यावर लाल ठिपका होता. रक्तही नव्हतं.

"काटा टोचल्यागत झालं," ते म्हणाले.

"तार टोचली असेल. हळद लावा," मीच म्हणालो.

संध्याकाळी पंजा टम्म फुगला. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तळवा उघडला, तर मनगटाच्याही वर तेल चढलेलं. दाबानं ते कातडी भेदून आत शिरलं होतं. हात कोपराखालून कापावा लागला.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो, कबूल करायचं ठरवून. तोंडातून निघालं ते भलतंच. "साहेबांनी होज बांधायला सांगायला नको होतं."

"सायबानं न्हाई सांगितलं," काका शांतपणे म्हणाले. "गाठ डावऱ्याची हुती. तवाच वळखली म्या."

"मग सोडली का नाही, काका?"

"तू शिकलेला. म्हनलं, तुला जास्ती ठावं आसंल."

मला रडू फुटलं. त्यांनी ते बघितलंच नाही असं केलं. उभे राहिले आणि डाव्या हातानं सदरा वर धरला. पायजमा सुतळीचे वेढे खोचून कसाबसा आवळलेला होता आणि नाडीची दोन्ही टोकं लोंबत होती.

"बायकोला किती येळा हाका मारायच्या? तुझा डावा चालतो. एका हातानं ही कशी बांधायची, तेवढं शिकव."

मी त्यांच्यासमोर बसलो, उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्यानं दोन्ही टोकं धरली. बराच वेळ खटपट केली. मलाही ती बांधता आली नाही.