मागची सीट

तापलेल्या ऑइलचा आणि करपलेल्या कापसाचा वास एकत्र आला की मला कामतघरची ती दुपार आठवते. कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांच्या खिडक्या उघडा, एवढीच आमच्या युनियनची मागणी होती. वारा लागला की धागा तुटतो, असं मालक सांगायचे. माणूस तुटला तर त्यांना बदली कामगार मिळायचा. संध्याकाळच्या सभेचा पुकारा करत मी स्कूटरवरून रेंगाळत चाललो होतो आणि दर नाक्यावर गाडी चालूच ठेवून स्वतः माइकवर बोलत होतो, कारण मागे बसून बोलणारा सोबती आता येत नव्हता. स्कूटरच्या इंजिनाला गार ठेवतो तो त्याचा पंखा, सिलिंडरवरच्या धातूच्या पट्ट्यांमधून वारा फिरवून. त्या दिवशी पंख्याने गल्लीत उडणारा कापसाचा तूसही ओढला, पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या आणि इंजिन जाम झालं. पत्रा उघडून मी तूस उपसत होतो, तेव्हा एक कामगार कारखान्याच्या दारात आला. "आज अकेले? माइकवाला किधर है?" मी म्हटलं, "कशेळीला गोदामात कामाला लागला." "चलो, एक तो सुधर गया," म्हणत तो हसला. सभेला येणार का विचारलं, तर "ड्युटी है, भाई" म्हणून त्याने दार ओढून घेतलं. इंजिन थांबलं की पंखाही थांबतो, मग आतली धग पत्र्यात उतरते आणि हळूहळू सीटपर्यंत चढते. मी मागच्या सीटवर हात टेकला, तर कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी ती गरम होती. संध्याकाळी सभेच्या सतरंजीवर मी एकटाच बसलो. पुकारा आजही मीच करतो, आणि गाडी थांबली की माझा हात आधी मागे जातो.